पडलो तरी नाक वर

मराठी माणूस साठीनंतर पडत नाही. फरशी ओली असते, पायपुसणं सरकतं, चपलेचा अंगठा तुटतो, नातवाने खेळण्यातली मोटार नेमकी पॅसेजमध्ये लावून ठेवलेली असते, नाहीतर फुटपाथचा उखडलेला पेव्हर ब्लॉक पायात येतो. फारच झालं तर 'जरा गरगरल्यासारखं' होतं. या संपूर्ण प्रकारात गृहस्थांचा स्वतःचा सहभाग शून्य. उठताना त्यांची पहिली नजर गुडघ्याकडे न जाता आजूबाजूच्या गॅलऱ्यांकडे जाते. कोणी पाहिलं नसेल तर पडणं झालंच नाही असं समजायचं, आणि पाहिलं असेल तर खाली वाकून काहीतरी शोधत असल्याचा आव आणायचा. बायकांची तऱ्हा थोडी वेगळी. काकू पडल्या की हातातल्या दुधाच्या पिशवीचं काय झालं ते आधी सांगतात. "पिशवी फुटू दिली नाही हो," हे वाक्य मनगटाला प्लास्टर घालून घेतानाही मी ऐकलेलं आहे.

आकड्यांना असला संकोच नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचाच नंबर लागतो, आणि त्यात सर्वाधिक बळी साठीच्या पुढचे. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी साधारण तिघांतला एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. बागेतल्या बाकावर बसलेल्या तिघांना मी हे सांगितलं. तिघांनीही हळहळून उरलेल्या दोघांकडे पाहिलं.

"आमचा प्रश्न नाही. आम्ही रोज चालतो!" हे त्यांचं ब्रह्मास्त्र. आणि चालतात हे खरंच. पहाटे साडेपाचला माकडटोपी, स्वेटर, पांढरे बूट, खिशात प्लॅस्टिकची पिशवी (लोकांच्या कुंपणाबाहेर आलेल्या जास्वंदीसाठी) आणि मुलाने दिलेला मोबाईल, पावलं मोजायला. बागेला फेऱ्या, मग अमृततुल्य, मग देशाची परिस्थिती. पावलांचा कोटा भरला नाही तर घरी आल्यावर आरामखुर्चीत बसून मोबाईल हलवणारे एक सद्गृहस्थ आमच्याच मजल्यावर राहतात.

चालण्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. हृदयाला चांगलं, साखरेला चांगलं, आणि घरातल्या सुनेलाही तेवढाच तासभर मोकळा मिळतो. फक्त पडण्यावर ते पुरत नाही. २०१९ साली 'कॉक्रेन' या संस्थेने व्यायामाच्या १०८ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यांत तेवीस हजारांवर वयस्क माणसं होती. व्यायाम करणाऱ्यांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. पण हा गुण आला तो मुख्यतः तोल सांभाळण्याचे आणि पायांच्या कामाचे व्यायाम करणाऱ्यांना, आणि त्यात ताकदीच्या व्यायामाची भर पडली तर आणखी. नुसत्या चालण्याबद्दल त्या चाचण्यांतून ठाम असं काही सांगता आलं नाही.

याचं कारण समजायला डॉक्टर व्हायला नको. सपाट रस्त्याने, ठरलेल्या चालीने, ओळखीच्या झाडापाशी वळून घातलेल्या फेरीत तोलाची परीक्षा होतच नाही. परीक्षा असते घरात, आणि तीही न सांगता. पायजम्याची एक तंगडी चढवून झाली आणि दुसरी अर्ध्यावर अडकली, की माणूस एका पायावर कपाटाच्या दिशेने जी तीन-चार पावलं उडत जातो, ती परीक्षा. तोंडाला साबण लावून, डोळे मिटून तांब्या चाचपडणं, ही परीक्षा. बेल वाजली म्हणून गर्रकन वळणं, आणि रात्री दोन वाजता 'हिची झोपमोड नको' म्हणून दिवा न लावता उठणं, हा तर बोर्डाचा पेपर.

तोल राखायला शरीरात तीन सदस्यांची कमिटी असते. एक डोळे, दुसरा आतला कान आणि तिसरे तळपाय व सांधे. मान किती कलली ते कान कळवतो, जमीन कुठे आहे ते तळवे सांगतात, आणि डोळे दोघांच्या बोलण्याची खातरजमा करतात. एक सदस्य गैरहजर असला तरी उरलेले दोघे कारभार रेटतात. साठीनंतर घोळ सुरू होतो तो हजेरीपटाचा. डोळ्यांत मोतीबिंदू, मधुमेहाने तळवे बधिर, अशात साबण लागून डोळे मिटले की सगळी सभा एकट्या कानावर येऊन पडते. बरं, ठराव वेळेत मंजूर झाला तरी अंमलबजावणी करणार कोण? मांड्या, कुल्ले आणि पोटऱ्यांच्या स्नायूंनी. ते तर मालकाबरोबरच निवृत्त झालेले. त्यात झोपेची गोळी, रक्तदाबाची गोळी, झटकन उठलं की रक्तदाब खाली, आणि जिना उतरताना चष्म्याच्या खालच्या भागातून पुसट दिसणारी पायरी. एवढी मंडळी विरोधात गेल्यावर अविश्वासाचा ठराव यायला पायपुसण्याचं निमित्त पुरतं.

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातल्या मंडळींनी यावर एक व्यायामक्रम बांधला. तो त्यांनी आधी कोणावर करून पाहिला, तर ऐंशी आणि त्यापुढच्या बायकांवर. निकाल १९९७ साली छापून आला, आणि पुढच्या चाचण्या धरून पाहिलं तर पडणं सुमारे एक तृतीयांशाने कमी होतं असं दिसलं. व्यायाम तरी कोणते? हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. चवड्यांवर चालायचं, टाचांवर चालायचं. एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत एका रेषेत जायचं. आडवं चालायचं, उलटं चालायचं. एका पायावर उभं राहायचं. घोट्याला वजन बांधून पाय उचलायचे. जपानमधल्या अस्थिरोगतज्ज्ञांची संघटनाही वयस्कांना दोन गोष्टी आवर्जून करायला सांगते, एका पायावर उभं राहणं आणि उठाबशा.

ही यादी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे इयत्ता पाचवी 'ब'चा वर्ग उभा राहिला. हा अभ्यासक्रम तर आपल्याकडे होता! शिक्षा म्हणून होता, एवढंच. गृहपाठ आणला नाही, पन्नास उठाबशा. शेजारच्याशी बोललास, एका पायावर उभा राहा. आणखी बोललास, बाकावर उभा राहा. त्याहून पुढचं पाऊल म्हणजे कोंबडा. पहिल्या बाकावरची हुशार मुलं या शिक्षणाला मुकली, आणि आज तीच जिना उतरताना कठडा सोडत नाहीत. मुलींचा अभ्यासक्रम आणखी भरगच्च. लंगडी म्हणजे एका पायावर नुसतं उभं राहणं सोडाच, त्यावर धावून गडी बाद करायचा. ठिकऱ्यांमध्ये चौकटीची रेषा न तुडवता उडी मारून वळायचं. मंगळागौरीला फुगडी, पिंगा, आणि उकिडवं बसून घालायची बसफुगडी, तीही नऊवारी सावरत, मध्यरात्रीपर्यंत. औंधच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तोही याच मातीत. एवढं सगळं करून आपण ते शाळेबरोबर आणि लग्नाबरोबर सोडून दिलं. मग पाट गेले आणि डायनिंग टेबल आलं, उकिडवं बसणं गेलं आणि कमोड आला. गुडघ्यांना आराम मिळाला हे खरं. पण जमिनीवरून उठणं ही जी रोजची तालीम फुकटात व्हायची, ती आता तीनशे रुपये मोजून पुन्हा शिकावी लागते.

ती शिकवायला आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊ लागली. पंचविशीची, बारीक अंगाची, आणि आवाज मात्र पीटीच्या सरांचा. पहिल्या दिवशी तिने परीक्षा घेतली. खुर्चीतून उठा, तीन मीटरवरच्या खुणेपर्यंत नेहमीच्या चालीने जा, वळा, परत या, बसा. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलाय असं समजायचं.

परीक्षा म्हटल्याबरोबर 'नेहमीच्या चालीने' हे शब्द हवेत विरले. सोसायटीचे माजी चेअरमन बाण सुटावा तसे सुटले, खुणेपाशी एका पायावर गिरकी घेतली आणि खुर्चीवर अशा वेगाने आदळले की खुर्ची त्यांच्यासकट भिंतीला जाऊन भिडली. "नऊ सेकंद!" त्यांनी जाहीर केलं. "काका, तुम्ही पडला असतात," ती म्हणाली. "पण पडलो नाही ना?" रेल्वेतून निवृत्त झालेल्या अण्णांनी स्वतःचं घड्याळ लावलं, कारण हॉलमधल्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि उठण्याआधीच ते सुरू केल्याबद्दल हरकत नोंदवली. तिसऱ्या आजोबांचा वाटेत फोन वाजला. ते तिथेच थांबले, खिसे चाचपले, फोन काढला, चष्मा शोधला, नंबर पाहिला, "नाही घेत, कर्जवाले आहेत," असा खुलासा केला आणि मग पुढे निघाले. एक मिनिट चाळीस सेकंद. त्यांना पुन्हा संधी देण्यात आली.

मग एका पायावर उभं राहणं. या विषयाची तयारी सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर करून ठेवली होती. २०२२ साली ब्राझीलमधल्या एका अभ्यासात एक्कावन्न ते पंचाहत्तर वयाच्या सतराशे माणसांना दहा सेकंद एका पायावर उभं केलं होतं. साधारण पाचांतल्या एकाला ते जमलं नाही, आणि पुढच्या काही वर्षांत अशांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. आमच्या ग्रुपवर पोचेपर्यंत त्याचं 'दहा सेकंद एका पायावर उभे राहा, मृत्यू टाळा' असं झालं होतं, खाली जोडलेले हात आणि 'किमान अकरा जणांना पाठवा'. फिजिओने समजावलं की पाय डगमगणं हे आतल्या बिघाडाचं लक्षण आहे, दहा सेकंदांनी यम परत जात नाही. यावर मंडळी थोडी नाराज झाली.

डगमगायचंच असतं, हे तिचं दुसरं म्हणणं पचायला त्याहून जड गेलं. ज्यात तोल थोडा जातो आणि सावरावा लागतो त्याच व्यायामाने तो सुधारतो. अगदी स्थिर उभं राहता येत असेल तर व्यायाम सोपा पडतोय, पुढची पायरी घ्या. म्हणजे न पडण्यासाठी रोज थोडं पडता पडता वाचायला शिकायचं, आणि तेही चारचौघांत! चाळीस वर्षं ऑफिसात ज्यांच्या येण्याने शिपाई उठून उभे राहिले, त्यांनी आता टाचेला अंगठा लावून, दोन्ही हात पसरून, जीभ बाहेर काढून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. भिंत धरायलाही कोणी तयार होईना. शेवटी तिने पुण्याच्या अय्यंगार गुरुजींचा दाखला दिला. बी. के. एस. अय्यंगार यांच्यासारख्या माणसाने योगासनांना भिंत, खुर्ची, पट्टे, दोर यांची जोड दिली, मग तुमची काय हरकत? भिंतीला अशी मान्यता मिळाल्यावर तिच्यालगतच्या जागेसाठी वाद झाले.

"आता आठच्या आकड्यात चाला," असा हुकूम सुटला तेव्हा सगळे इंग्रजी आठ काढत फिरू लागले. आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलेले एक गुरुजी मात्र मराठी आठ काढत दाराकडे गेले. आठ तिथे संपला, आणि पुढे चहाची टपरी असल्याने ते परत आले नाहीत.

घरी करताना स्वयंपाकाचा ओटा धरून करा, ओटा हलत नाही, असंही तिने सांगितलं. या सूचनेमुळे काही पुरुषांना ओटा नेमका कुठे आहे हे प्रथमच कळलं. दुसऱ्या दिवशी काकूंची तक्रार आली की हे ओट्यापाशी उलटे चालतात आणि फोडणीत काय पडलं त्यावर मत देतात.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेला शोध स्वीडनचा आहे. १९९७ साली तिथल्या संशोधकांनी वृद्धांच्या निवासातल्या माणसांबरोबर चालता चालता सहज गप्पा सुरू केल्या. बहुतेक जण बोलत बोलत चालत राहिले. बारा जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. चालणं आणि बोलणं ही दोन कामं एका वेळी झेपेनाशी झाली की चालण्यावरच सगळं लक्ष खर्च होतंय असं ओळखावं. मी हे वाचलं आणि आमच्या बागेतल्या गटाच्या काळजीने अस्वस्थ झालो. ही मंडळी तर दर दहा पावलांवर थांबतात! निरीक्षणाअंती धीर आला. ते थांबतात ते तर्जनी वर करायला. महागाई चालता चालता होते. भ्रष्टाचारालाही थांबावं लागत नाही. पण भाऊबंदकीच्या जमिनीचा विषय निघाला की अख्खा गट वाटेत उभा राहतो आणि मागून पळत येणारी तरुण मुलं गवतातून जातात.

तरी फिजिओने यावरही औषध काढलंच. एका रेषेत चालायचं आणि तोंडाने काहीतरी आठवायचं. शंभरातून सात-सात वजा करा, म्हणाली. आमच्या पिढीला वजाबाकी हा अपमान वाटला. "पाढे म्हणतो," अण्णा म्हणाले, आणि टाचेला अंगठा लावत निघाले. "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..." इथवर पाय आणि पाढा जोडीने चालले. 'एकोणतीस चोक'पाशी उजवा पाय हवेत अडकला. भुवया वर गेल्या, ओठ हलले, हाताची बोटं मिटली-उघडली. "सोळोदरसे!" आरोळी आणि पाऊल एकदमच पडलं. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. आता पावकी-दिडकीवाल्यांचा एक स्वतंत्र गट झाला आहे आणि ते एकोणतिसाचा पाढा म्हणणाऱ्यांकडे थोड्या कीवेने पाहतात.

घरोघरी मात्र वेगळीच लढाई चालू असते. मुलं न्हाणीघरात स्टीलचा दांडा बसवून देतात. वडील म्हणतात, "मी काय म्हातारा झालोय?" दांडा राहतो, आणि त्यावर बनियन वाळत पडतात. पुढे कधी खरंच तोल गेला तर हातात बनियन येतं. काठी घेतली तर ती कुत्र्यांसाठी असते, तसं विचारण्याआधीच सांगण्यात येतं, आणि जमिनीला टेकण्यापेक्षा ती दिशा दाखवण्यात जास्त राबते. माळ्यावरचा फराळाचा मोठा डबा काढायला घरात दोन तरणीताठी माणसं असताना आजीच स्टुलावर चढते, कारण डब्यामागे काय ठेवलंय ते तिला कोणाला दिसू द्यायचं नसतं. न्यू जर्सीच्या मुलीने वडिलांना पडल्याचं ओळखणारं घड्याळ पाठवलं. त्यांनी ते घालून देवळाच्या पायरीवर नारळ फोडला. घड्याळाने "तुम्ही पडलात का?" असं विचारलं, यांनी चष्मा नसल्याने उत्तर दिलं नाही, आणि न्यू जर्सीत मध्यरात्री मुलीचा फोन खणखणला. तिने घाबरून फोन केला तेव्हा बाबा प्रसाद वाटत होते.

एकदा खरोखर पडलं, की प्रेमाची लाट येते. "बाबा, उठू नका, मी देते." "आई, जिना नको, पाऊस आहे, आज बाहेर नकोच." पडायची भीती म्हाताऱ्यांपेक्षा मुलांना अधिक. बसून बसून मांड्या आणखी रोडावतात, त्यामुळे भीती वाढते, ती वाढली की आणखी बसणं, आणि पुढचं पडणं पहिल्यापेक्षा सोपं होतं. डॉक्टरांना दाखवून, गोळ्या आणि चष्मा तपासून घेऊन, पुन्हा उभं राहायला लावणं हीच खरी सेवा. पाणी हातात आणून देण्यापेक्षा 'बाबा, पाणी आणता का?' असं विचारणारी सून अधिक पुण्यवान, हे मी सासऱ्यांच्या नव्हे, फिजिओच्या वतीने सांगतो.

वर्गाचा पहिला महिना संपला तेव्हा बँकेतून निवृत्त झालेले काका फीचं पाकीट घेऊन उभे राहिले. "हा कोर्स किती महिन्यांचा? सर्टिफिकेट कधी मिळणार?"

"काका, हे आयुष्यभर करायचं. सोडलं की गुण जातो. आठवड्याला तीन तास तरी हवेत."

"आयुष्यभर?" त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे फार महिने नाहीत. भरतो मग."

"करत राहिलात तर महिने वाढतील."

"मग हे आधी नाही का सांगायचं? वर्षाचे एकदम भरले तर किती सूट?"

घासाघीस बराच वेळ चालली. फिजिओने एकच अट घातली होती, ती संपेपर्यंत काकांनी एका पायावर उभं राहायचं, आणि पाय टेकला की फी पूर्ण. दहा टक्क्यांवर सौदा पटला तेव्हा काकांचा डावा पाय अजून वरच होता. तो त्यांनी पावती हातात पडल्यावर, तिच्यावरची तारीख तपासून मगच खाली ठेवला.